लेन्सच्या चार बोटं वर

संपादकांनी फोनवर विचारलं, "एवढी वर्षं फोटोग्राफी केलीत, तुमचे गाजलेले फोटो कोणते?" मी म्हटलं, "साहेब, माझे फोटो सरकारदरबारी जपून ठेवलेत." ते खूश झाले. मग मी खुलासा केला की मी पासपोर्ट फोटोवाला. लायसनचा, गेटपासचा, बँकेच्या खात्याचा, परीक्षेच्या अर्जाचा, व्हिसाचा, असे फोटो. त्यांचा उत्साह जरा उतरला. पण लेख मागून बसले होते बिचारे, म्हणाले, "लिहा, लिहा, वेगळं होईल." तर हे ते वेगळं.

माझं दुकान इंदुरात पोलोग्राउंडला होतं, कारखान्यांच्या गल्लीत. एका बाजूला लेथवाला, दुसऱ्या बाजूला पॅकिंगचे खोके बनवणारा. दिवसभर खडखडाट. गेटपास बनवायचा म्हणून कामगार थेट मशीनवरून उठून यायचे, कोपरापर्यंत तेल. मी म्हणायचो, हात तरी धुऊन ये रे. तर म्हणायचे, "अशोकभिया, फोटो तो मुंडी का है ना?" ते बराबरच होतं. आमच्या धंद्यात माणूस छातीच्या वरच सुरू होतो.

या धंद्याचे नियम लोकांना सोपे वाटतात. पांढरा पडदा, मान सरळ, दोन्ही कान दिसले पाहिजेत, दात दिसता कामा नयेत, नजर समोर. झालं. पण खरी झंझट पुढे असते. आत्ताआत्तापर्यंत गल्लीत कचोरी खात मित्राला शिव्या घालणारा माणूस स्टुलावर बसला की तो गायबच होतो. त्याच्या जागी कुणीतरी दुसराच येऊन बसतो, डोळे वटारून, श्वास रोखून. मी बटण दाबतो, आणि त्या दुसऱ्याचा फोटो निघतो. मग लोक म्हणतात, पासपोर्ट फोटोत माणूस चोरासारखा दिसतो. अरे, तिथे माणूस असतो कुठे?

आमच्या घरात तर फोटो म्हणजे सावधान. आम्ही मूळ महूच्या छावणीतले, आजोबा पलटणीत होते. भिंतीवर त्यांचा वर्दीतला फोटो. त्यांना ते शोभायचंही. पण त्यांचं बघून माझे वडील, जे आयुष्यभर कारखान्यात फिटर होते, तेही छाती काढून उभे. काका तसेच. आजीसुद्धा पदर डोक्यावर घेऊन सावधान! लहानपणी मला वाटायचं की फोटो काढणारा माणूस मोठा अधिकारी असणार, त्याला बघून सगळे घाबरतात.

मग मी तो फोटो बघितला.

इंदूरच्या लालबागेत मेळा भरला होता. तेव्हा मी शहरात एका स्टुडिओत डार्करूमच्या कामाला नुकताच लागलो होतो. मेळ्यात एका तंबूत फोटोंचं प्रदर्शन होतं, श्रीपादराव नावाच्या गृहस्थांचं. जवळच्याच बेटमा गावच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर, सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडून फोटो काढायचे. त्या तंबूत एक फोटो होता. मंडीत लसणाच्या ढिगापाशी एक म्हातारी बसली आहे. हातात लसणाचा गड्डा, साल निम्मी काढलेली. काम थांबवून तिनं मान वर केली आहे आणि समोर बघते आहे. हसत नाही, पण आता हसणार. घरी कुणाची तरी खूप वाट बघावी आणि दारात तोच माणूस दिसावा, म्हणजे आपण "आलास का रे!" म्हणतो ना, ते म्हणायच्या आधीचा तो चेहरा.

मी तिथून हलेना. मेळा होता तोवर रोज संध्याकाळी जाऊन त्या म्हातारीपुढे उभा राहायचो. तंबूवाले मला ओळखायला लागले. शेवटच्या दिवशी आवराआवर चालली होती, त्या फोटोच्या पुठ्ठ्याला ओल लागून एक कोपरा फुगला होता. तिथल्या माणसानं तो उचलून माझ्या हातात दिला. म्हणाला, "ले जा यार, तेरी ही काकी लगती है."

नंतर मी मोठमोठ्या फोटोग्राफरांचं काम पुस्तकांतून पुष्कळ बघितलं. देशातले, परदेशातले. वाचनालयात जाऊन तासन्‌तास पानं उलटायचो. एकाकडून खिडकीचा उजेड शिकलो, एकाकडून थांबून राहणं शिकलो, सावली काळी राहू द्यायला घाबरायचं नाही हेही कुणाकडून तरी उचललं. सगळ्यांचं ऋण आहे. पण ते डोक्यात गेलं. ती लसणाची काकी आत कुठे जाऊन बसली ते मला सांगता येत नाही. एवढंच कळत होतं की त्या म्हातारीनं श्रीपादरावांकडे ज्या नजरेनं बघितलंय, तसं एकदा, फक्त एकदा, कुणीतरी माझ्या कॅमेऱ्याकडे बघायला पाहिजे. दुसरं काही नको. बक्षीस नको, प्रदर्शन नको.

मी कोशिश केली. दर रविवारी कॅमेरा गळ्यात टाकून बेटम्याच्या बसमध्ये बसायचो. तीच मंडी, तेच ढीग, तशाच म्हाताऱ्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला की त्यांचे पदर खाली यायचे. एक बाई म्हणाली, "कंई काम है भिया? कोन से दफ्तर से आया?" एक आजोबा तर माझ्याकडे बघून चक्क उठून उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना चिकटवून. सावधान! मला रडूच यायचं बाकी राहिलं. महूहून सुटका नव्हती माझी.

मग लग्न झालं, दुकान टाकलं, रविवार गेले. काकीला फ्रेम केली आणि दुकानात लावायला जागा शोधली. तीन भिंतींवर पडदा, आरसा आणि कपाट होतं. उरली कॅमेऱ्याच्या मागची भिंत. तिथे लावली, स्टुलावरून बघितलं तर लेन्सच्या चार बोटं वर. बस, एवढाच विचार होता. कलाबिला काही नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं ते शेजारच्या कारखान्यातल्या एका फोरमनमुळे. भयंकर माणूस. त्याला कुणी हसताना बघितलेलं नव्हतं, त्याच्या बायकोनंही नसेल. तो स्टुलावर बसला, माझ्या डोक्यावरून वर बघितलं, आणि त्याचा चेहरा सैल पडला. एकदम घरचा माणूस दिसायला लागला. मी गुपचूप बटण दाबलं. फोटो बघून तो स्वतःच गोंधळला. म्हणाला, "ये मैं हूँ?" मग वर बोट दाखवून म्हणाला, "ये अम्मा कौन हैं? ऐसा लगा मेरे को ही देख रही हैं."

तेव्हापासून ती माझी पद्धतच झाली. गिऱ्हाईक बसलं की म्हणायचं, "वर काकीकडे बघा." चेहरा सैल झाला की म्हणायचं, "आता खाली, लेन्समध्ये." नजर खाली येते, पण चेहऱ्यावरचं ते क्षणभर तसंच राहतं. तेवढ्यात बटण. नियम सगळे पाळलेले आणि तरी माणूस माणसासारखा. माझे पासपोर्ट फोटो इंदुरात नावाजले गेले. लोक विजयनगरहून, राजवाड्याहून पोलोग्राउंडला यायचे, एवढ्या धुळीत. लग्न जमवायलासुद्धा माझाच पासपोर्ट फोटो पाठवायचे, हे मी अभिमानानं सांगतो.

गमती तर फार. एक वकीलसाहेब चिडले, "मेरी फोटो खींच रहे हो कि अपनी काकी दिखा रहे हो?" आणि मग त्यांचा असा फोटो आला की त्यांनी जादा प्रती मागून घेतल्या. एक बाई काही फोटोबिटो काढायला यायच्याच नाहीत. स्टुलावर बसायच्या, काकीकडे बघायच्या, आणि "चलते हैं भिया" म्हणून निघून जायच्या. आणि आपल्याकडे म्हातारीचा मोठा फोटो भिंतीवर दिसला की लोक ठरवूनच टाकतात. दसऱ्याला कारखान्यातली पोरं मशीनला हार घालून झाला की एक हार माझ्याकडे घेऊन यायची आणि काकीला घालायची. मी ओरडायचो, "अबे, जिवंत असेल ती!" ऐकतंय कोण? हात जोडून निघून जायची.

पण मनातलं सांगायचं तर एक गोष्ट मला आतून खात होती. जेवढ्या लोकांचे मी चांगले फोटो काढले, त्यातला एकही माझ्याकडे बघत नव्हता. सगळे माझ्या डोक्यावरून काकीकडे बघायचे. ती नजर श्रीपादरावांनी कमावलेली. माझ्या वाट्याला यायचं ते उरलेलं हसू. एकदा दिवाळीत चुना मारायचा म्हणून काकीला खाली उतरवलं, तर ते दोन-चार दिवस पुन्हा सगळे दगड. मी विनोद केले, गप्पा मारल्या, लहान पोरांना वाकुल्यासुद्धा दाखवल्या. काही नाही. लोक विचारत होते, काकी कुठे गेल्या?

माझी बायको कुसुम दुकानात फोटो कापायला बसायची. मी हे तिला बोललो तर म्हणाली, "मी बघते की तुमच्याकडे." मी म्हटलं, "तू बघतेस तेव्हा गिरणीतून पीठ आणायचं असतं." ती म्हणाली, "मग आणा ना, बघणं तरी थांबेल." अशी आमची कुसुम. तिच्यापुढे माणसाला फार वेळ दुःखी राहता येत नाही. पण हुरहुर काही जात नव्हती. रात्र असो की दुपार, दुकान रिकामं झालं की मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसायचो आणि काकीकडे बघायचो. त्या फोटो काढणाऱ्या माणसानं तिला काय म्हटलं असेल? कसा उभा राहिला असेल? एवढं कळलं असतं तरी पुष्कळ होतं.

दुकान बंद करायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दसरा नुकताच झालेला, काकीच्या फोटोवर झेंडूचा हार. एक बाई आपल्या वडिलांना हाताला धरून घेऊन आल्या. म्हातारे खूप थकलेले, पण कपडे कडक इस्त्रीचे. बाई म्हणाल्या, "बाबांचा व्हिसाचा फोटो हवाय. अमेरिकेला नेतेय, आता माझ्याकडेच राहतील." मी नेहमीसारखं त्यांना स्टुलावर बसवलं, चश्मा काढून कुसुमकडे दिला, आणि म्हटलं, "काका, आधी वर बघा."

ते बघत राहिले. चश्म्याशिवाय दिसेना म्हणून पुन्हा चश्मा मागितला. मग एकदम मास्तरी आवाजात म्हणाले, "हिला हार कुणी घातला?"

मी म्हटलं, "काका, ते दसऱ्याचं. कारखान्यातली पोरं—"

"काढा आधी. चांगल्या खणखणीत बाईला हार घालता? तिनं मला चहा पाजलाय."

मी दुसरं स्टूल ओढून हार काढला. कानांनी ऐकलं होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. म्हटलं, "तुम्ही ओळखता यांना?"

"फोटो माझा आहे," ते म्हणाले.

कुसुमची कात्री थांबली. ज्या माणसाचा आयुष्यभर ध्यास घेतला तो माझ्याच स्टुलावर बसलेला, आणि मी त्याला मघाशी सांगत होतो, मान जरा सरळ ठेवा. मी त्यांच्या पायाशी वाकलो. ते "अरे, अरे" म्हणत राहिले. मग मी जे विचारायचं होतं तेच विचारलं. "सर, तुम्ही हिला काय म्हणालात? ती तुमच्याकडे अशी कशी बघतेय?"

"माझ्याकडे कुठे बघतेय?" श्रीपादराव म्हणाले. "मालतीकडे बघतेय."

मालती म्हणजे त्यांची पत्नी. लेन्सवर ऊन येऊ नये म्हणून त्या छत्री धरून त्यांच्या शेजारी उभ्या राहायच्या. माहेर धारकडचं, तिकडची मालवी बोली अस्सल बोलायच्या. "मी कॅमेरा लावला की लोक घट्ट व्हायचे," श्रीपादराव म्हणाले. "माझा चेहराच मास्तरचा. छडी मारेन की काय असं वाटायचं त्यांना. मालती तोंड उघडायची आणि बायका अशा मोकळ्या व्हायच्या. त्या दिवशी ती या म्हातारीला म्हणाली होती, मावशी, मी आले. बस. जशी काही सासरहून आलीय. मी आपला बटण दाबलं."

"म्हणजे तुमच्याकडे..."

"कुणी नाही बघितलं. एकही नाही. मालती गेली आणि मी माणसांचे फोटो काढायचे सोडले. झाडांचे काढले थोडे दिवस. झाडांना काय, छत्री धरणारं कुणी नसलं तरी चालतं."

मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. ज्याचा मी एवढा हेवा केला, तो बिचारा माझ्याच रांगेत उभा होता.

पण फोटो तर काढायचा होता. पुन्हा बसवलं, तर त्यांची नजर खाली लेन्समध्ये येईचना. वर काकीकडे जायची आणि डोळे भरायचे. डोळ्यांत पाणी असलं की ते चमकतं, व्हिसाला चालत नाही, परत पाठवतात. मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज." त्यांनी रुमालानं डोळे पुसले आणि मला विचारलं, "हा फोटो मला देता? माझ्याकडचे बेटम्याच्या घरात वाळवीनं खाल्ले. तिकडे न्यायला काही नाही माझ्याजवळ. मालती तशी कुठल्याच फोटोत नाही, पण हिच्या डोळ्यांत आहे."

माझं दुकान त्या काकीवर चालत होतं. तरुणपणी मेळ्यातून छातीशी धरून आणली होती तिला. मी "बघतो" असं काहीतरी पुटपुटलो. तोवर कुसुम त्या दुसऱ्या स्टुलावर चढून फ्रेम काढतसुद्धा होती. साडीच्या पदरानं तिनं काच पुसली आणि फ्रेम त्यांच्या मांडीवर ठेवली. मी तिला थांब म्हणालो नाही.

आता समोरची भिंत रिकामी. श्रीपादराव मान सरळ करून बसले, आणि अगदी माझ्या घरच्यांसारखे झाले. सावधान! छातीतला श्वास छातीत. मी म्हटलं, "सर, जरा सैल."

"कुठे बघू?"

"लेन्समध्ये."

"लेन्समध्ये काय आहे बघण्यासारखं? मालती असती तर बोलली असती. तू बोल काहीतरी."

मला कुठे बोलता येतं? पण त्या दिवशी जे कुसुमलाही कधी सांगितलं नव्हतं ते तोंडातून निघालं. मी म्हटलं, "सर, मी एकदा तुमच्या घरी आलो होतो. बेटम्याला. रविवार होता. पत्ता विचारत विचारत आलो. दारापर्यंत आलो. आतून कुणी बाई हसत होत्या, मोठ्यानं, थांबून थांबून. दार उघडंच होतं. मला वाटलं, मी कोण, काय सांगणार, तुमच्यासारखा फोटो काढायचाय म्हणून? चपला काढल्या होत्या, त्या परत घातल्या आणि बस पकडली."

श्रीपादराव ऐकत होते. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. मान तशीच सरळ, पण चेहरा उघडला. ते म्हणाले, "मग आत का नाही आलास रे?"

आणि थांबले, उत्तरासाठी. तोंड मिटलेलं, दोन्ही कान दिसतायत, डोळे कोरडे आणि थेट माझ्यावर. रागावलेले नाहीत. खूप वर्षं वाट बघितली आणि शेवटी हा दारात दिसला, असे. माझ्या मागे भिंत होती, तिच्यावर काही नव्हतं. मी बटण दाबलं.

मुलगी स्क्रीनवर बघायला आली. मग म्हणाली, "आई गेल्यापासून बाबांचा असा चेहरा बघितलाच नाही." श्रीपादरावांनी चश्मा लावून खूप वेळ बघितलं, जसे जुने लोक बघतात तसे, कडा, सावली, डोळे. म्हणाले, "हे मला एकट्याला कधी जमलं नाही." काकीची फ्रेम छातीशी धरून ते रिक्षात बसले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तसंच राहिलं. दिलंही असतं, पण काय दिलं असतं? आत गेलो असतो तर मालतीकाकूंनी "या" म्हटलं असतं, चहा झाला असता, कुणी सांगावं, पुढच्या रविवारी छत्रीच्या दुसऱ्या बाजूला मी उभा असतो. हे आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

नंतर दुकान फार दिवस चाललं नाही. आता लोक मोबाईलवरच पांढरी भिंत बघून फोटो काढतात, आणि गुडघ्यांनीही जवाब दिला. मला त्याचं फारसं दुःख नाही. मला हवा होता तो एक फोटो निघाला. घरी तो भिंतीवर लावलेला नाही. सरकारी कामासाठी काढलेला फोटो परवानगीशिवाय लावायचा नाही, हा माझा नियम, आणि परवानगी मागायला आता उशीर झालाय. श्रीपादराव तिकडेच वारले, असं मुलीनं कळवलं.

पण अमेरिकेला जाताना ते कितीतरी काउंटरांवरून गेले असतील. प्रत्येक काउंटरवरच्या साहेबानं पासपोर्ट उघडला असेल, व्हिसावरचा तो फोटो बघितला असेल आणि क्षणभर थबकला असेल. त्याला वाटलं असेल, हे म्हातारबाबा आपलीच वाट बघत होते. कुणीतरी त्याला सांगायला पाहिजे होतं. नाही साहेब, तुमचा काही संबंध नाही. ते माझ्याकडे बघतायत.